कॉकपिटमध्ये कुऱ्हाड चालते, पण कॅप्टनची बॅग उघडायची!



प्रवासी विमानाच्या कॉकपिटमध्ये एक कुऱ्हाड असते. खोटं वाटेल, पण खरं आहे. छोटी, पण चांगली धारदार. आग लागली, पॅनलच्या मागून धूर यायला लागला, तर पॅनल फोडून आत पोचता यावं म्हणून ती नियमानेच ठेवलेली असते. आणि त्या कुऱ्हाडीपासून हातभर अंतरावर बसणारा कॅप्टन टर्मिनलमध्ये शिरतो तेव्हा काय होतं? बॅग एक्स-रेच्या पट्ट्यावर, लॅपटॉप बाहेर, हात पसरून उभा. आपल्यासारखाच.

11 सप्टेंबर 2001 नंतर अमेरिकेत पायलटांच्या बॅगेतून नेलकटर काढून घ्यायला लागले, तेव्हापासून या लोकांची एक तक्रार जगभर ऐकू येते. "अहो, अख्खं विमान माझ्या हातात आहे. मला ते पाडायचंच असेल तर नेलकटर कशाला लागेल?" गंमत म्हणजे त्याच अमेरिकेत 2002 च्या कायद्याने काही पायलटांना प्रशिक्षण देऊन कॉकपिटमध्ये पिस्तूल ठेवायची परवानगी दिली. म्हणजे एका पायलटकडे पिस्तूल चालतं आणि दुसऱ्याचं नेलकटर चालत नाही!

तुम्ही म्हणाल, सर, आज विमानाचं काय काढलं? आपण तर टॉवेल, चादर, शर्ट विकणारी माणसं. सांगतो.

मध्यंतरी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल युनिटमध्ये गेलो होतो. नाव सांगत नाही, त्यांनी तशी विनंती केली आहे. दोघे भाऊ. धाकटा प्रॉडक्शन बघतो, थोरला पार्टी आणि पैसा बघतो. पहिलीच मोठी एक्स्पोर्ट ऑर्डर मिळालेली. परदेशी बायरची अट होती की माल नीडल डिटेक्टरमधून गेलाच पाहिजे, म्हणून कर्ज काढून मशीन घेतलं.

ज्यांनी हे मशीन बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टॉवेलच्या कडा शिवताना, म्हणजे हेमिंग करताना, कधीकधी सुई तुटते. तिचं टोक टेरीच्या लूपमध्ये अडकून राहिलं तर डोळ्याला दिसत नाही. तो टॉवेल एखाद्या बाळाच्या अंगाला लागला तर काय होईल, विचार करा. म्हणून तयार टॉवेल एका पट्ट्यावरून मशीनमधून जातो. लोखंडाचा कण सापडला की पट्टा थांबतो, अलार्म वाजतो. रोज सकाळी आणि मग ठरावीक तासांनी टेस्ट कार्ड फिरवून मशीन बरोबर पकडतंय का ते बघायचं. त्या कार्डात एक किंवा सव्वा मिलिमीटरच्या आसपासची लोखंडी गोळी बसवलेली असते. डावीकडे, मध्ये, उजवीकडे, वर, मधे, खाली असं नऊ ठिकाणी कार्ड फिरवतात आणि रजिस्टरला लिहितात. आणि मशीनच्या पलीकडचा भाग म्हणजे पॅकिंग, तिथे लोखंड आणायचंच नाही. स्टेपलर नाही, टाचणी नाही, सुटं ब्लेड नाही.

या भावांनी हे सगळं अगदी नीट केलं होतं. रजिस्टर बघून मी खूश झालो. तरीही बायरच्या इन्स्पेक्टरने शेवटच्या तपासणीत एक कार्टन उघडलं आणि वरच्याच थरातल्या एका टॉवेलच्या कोपऱ्याला कागदाची चिठ्ठी निघाली. स्टेपलर पिन मारलेली.

माल थांबला. एका पिनेपायी अख्ख्या लॉटची कार्टन फोडून प्रत्येक नग परत मशीनमधून काढावा लागला. तीन रात्री. ओव्हरटाइम गेला, नवीन कार्टन गेले, कंटेनरची तारीख हुकली. आणि पहिल्याच ऑर्डरला बायरच्या मनात जी शंका बसली, तिचा हिशोब तर कुठल्याच वहीत बसत नाही.

पिन आली कुठून? दोन दिवस शिलाईवाल्या बायकांवर संशय. मग उलगडलं. मुंबईहून एक पार्टी आली होती. थोरल्या भावाने घाईत पॅकिंगमधून एक टॉवेल उचलला, ऑफिसात नेऊन दाखवला, भावाची चिठ्ठी पिन मारून लावली, आणि पार्टी गेल्यावर टॉवेल परत जागेवर आणून ठेवला. पॅकिंगमधल्या मुलीने ते बघितलं होतं. मी तिला विचारलं, "मग बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "मोठ्या मालकांना कसं विचारायचं ओ सर?"

थोरल्या भावाशी बोललो. चिडले होते. "सर, कारखाना माझा, कर्ज माझ्या नावावर. मी माझ्याच मालात पिन कशाला टाकीन?"

तेव्हा मला पायलटचं ते वाक्य आठवलं. शब्द वेगळे, पण बोलणं तेच. आणि दोघंही आपापल्या जागी शंभर टक्के खरं बोलत असतात, हीच तर यातली अडचण आहे.

पायलटची झडती सुरू कशी झाली

एक काळ असा होता की अमेरिकेत विमान कंपनीचं ओळखपत्र दाखवलं की कर्मचारी तपासणीला वळसा घालून आत जायचे. "आपलाच माणूस आहे" एवढ्यावर काम भागायचं.

7 डिसेंबर 1987. लॉस एंजेलिसहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं पीएसएचं 1771 नंबरचं विमान. त्यात एक माणूस बसला होता, ज्याला मूळ कंपनीने थोड्याच दिवसांपूर्वी कामावरून काढलं होतं. विमानात विकलेल्या पेयांच्या पैशातले 69 डॉलर चोरल्याचा आरोप होता. ज्या साहेबाने त्याला काढलं तो साहेबही त्याच विमानात होता. काढलेल्या माणसाचं ओळखपत्र कंपनीने परत घेतलंच नव्हतं. ते दाखवून तो पिस्तूल घेऊन आत गेला. विमानात गोळीबार झाला, विमान कोसळलं, 43 पैकी एकही माणूस वाचला नाही.

त्यानंतर तिथे दोन गोष्टी नियमात आल्या. एक, माणूस कामावरून गेला की त्याचं ओळखपत्र त्याच क्षणी जप्त. दोन, पायलट असो की हवाई सुंदरी, तपासणी सगळ्यांची.

आता नीट बघा. यात पायलटवर अविश्वास कुठे आहे? गेटवरच्या माणसाला दिसतो तो पायलट नसतो, पायलटचा युनिफॉर्म घातलेला आणि कार्ड गळ्यात अडकवलेला माणूस असतो. तो आजही नोकरीत आहे की काल काढलाय, कार्ड त्याचंच आहे की चोरीचं, त्याच्या बॅगेत कुणी काही सरकवलंय का, यातलं काहीच युनिफॉर्मवर लिहिलेलं नसतं. माणसाच्या मनातला हेतू एक्स-रेमध्ये दिसत नाही. बॅगेत काय आहे तेवढं दिसतं. म्हणून बॅग बघायची.

आणि हेतू कधी फिरेल तेही सांगता येत नाही. 7 एप्रिल 1994 ला फेडएक्सच्या मालवाहू विमानात कंपनीचाच एक फ्लाइट इंजिनिअर जादा सीटवर बसून निघाला. उड्डाणाचे तास खोटे दाखवल्यावरून त्याची चौकशी लागली होती. त्याच्या गिटारच्या पेटीत हातोड्या आणि मासे मारायची भाल्याची बंदूक होती. त्याने वर गेल्यावर तिघा सहकाऱ्यांवर हल्ला केला. डोकी फुटलेल्या अवस्थेत त्या तिघांनी विमान सुखरूप खाली आणलं, पण पुढे त्यातला एकही जण व्यावसायिक विमान उडवू शकला नाही. आपल्याच कंपनीचा, आपल्याच युनिफॉर्ममधला माणूस होता तो.

आपल्याकडे चित्र सरळ आहे. विमान सुरक्षेचे नियम ब्युरो ऑफ सिव्हिल एव्हिएशन सिक्युरिटी ठरवतं. 1976 च्या विमान अपहरणानंतर 1978 मध्ये डीजीसीएच्या आत त्याचा कक्ष झाला आणि कनिष्क विमानातल्या स्फोटानंतर, 1987 मध्ये, तो स्वतंत्र विभाग झाला. कंदाहार प्रकरणानंतर 2000 सालापासून मोठ्या विमानतळांवर सीआयएसएफ उभी राहायला लागली. तपासणीतून सूट कुणाला, याची एक यादी आहे. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान, माजी राष्ट्रपती, राज्यपाल वगैरे. त्यात पायलट नाही. कंपनीचा कॅप्टन असो की चार्टर विमानाचा, मेटल डिटेक्टरची चौकट त्यालाही आहे. काही ठिकाणी क्रूसाठी वेगळी रांग असते, एवढीच सवलत.

चार्टरच्या पायलटची गोष्ट अजून अवघड. एअरलाइनच्या कॅप्टनला रोज तोच विमानतळ, तेच जवान. चार्टरवाला आज मुंबई, उद्या कुठल्यातरी छोट्या धावपट्टीवर, परवा शाळेच्या मैदानावरच्या हेलिपॅडवर. प्रत्येक ठिकाणी नवा माणूस, नवीन प्रश्न, आणि मागे घाईत असलेला पाहुणा. निवडणुकीत तर विचारूच नका. नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा प्रचारात वणीला हेलिकॉप्टरमधून उतरल्यावर उद्धव ठाकरेंची बॅग तपासली गेली, तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. मला राजकारणात जायचं नाही. पण त्यांचा अधिकाऱ्यांना प्रश्न काय होता? माझ्याआधी कुणाची तपासली? इतरांचीही तपासणार का? त्यानंतर एकेका पक्षाच्या नेत्यांच्या बॅगा तपासल्याचे व्हिडिओ यायला लागले. "माझी का?" या प्रश्नाला खाली मान घालून उभं राहायची वेळ कुठल्याच शिपायावर येऊ नये असं वाटत असेल, तर उत्तर एकच असतं: सगळ्यांचीच.

याची दुसरी बाजू डॉ. कलामांची. एप्रिल 2009 मध्ये दिल्लीला एका अमेरिकन एअरलाइनच्या कर्मचाऱ्यांनी त्यांची झडती घेतली. माजी राष्ट्रपती म्हणून ते सूट असलेल्या यादीत होते, म्हणजे चूक एअरलाइनची. पुढे संसदेत गोंधळ झाला, कंपनीने माफी मागितली. पण त्या वेळी कलाम साहेब शांतपणे तपासणीला सामोरे गेले, तक्रारही केली नाही.

ओळखीच्या माणसाला वेगळा दरवाजा

आता तुमच्यापैकी काही जण म्हणतील, सर, सगळ्यांना रांगेत उभं केलं तर काम कधी करायचं? रास्त प्रश्न आहे. अमेरिकेतल्या पायलटांनी 2010 मध्ये हाच प्रश्न जोरात लावून धरला. तेव्हा पूर्ण शरीर दाखवणारे स्कॅनर नवे आले होते. एका पायलटने त्यातून जायला नकार दिला, संघटना उभ्या राहिल्या. हडसन नदीत विमान उतरवून सगळ्यांना वाचवणारे कॅप्टन सुलेनबर्गरही पायलटांच्या बाजूने बोलले. सरकारने नोव्हेंबर 2010 मध्ये पायलटांसाठी वेगळी पद्धत मान्य केली आणि 2011 पासून "नोन क्रूमेंबर" नावाचा दरवाजा सुरू झाला. पायलट कंपनीचं कार्ड आणि सरकारी ओळखपत्र दाखवतो. अधिकारी कॉम्प्युटरवर बघतो, फोटो जुळतो का, माणूस आज नोकरीत आहे का. जुळलं तर जा. मात्र मधूनच, कुणालाही न सांगता, एखाद्याला बाजूला घेऊन पूर्ण तपासणी.

लक्षात घ्या, पायलट जिंकले ते "मी कोण आहे माहीत आहे का?" म्हणून नाही. माझी ओळख पटवायची याहून बरी पद्धत आहे, ती वापरा, असं त्यांनी म्हटलं.

पण या दरवाजाचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. मार्च 2016 मध्ये लॉस एंजेलिसला एका हवाई सुंदरीला याच दरवाजात अचानक तपासणीसाठी बाजूला घेतलं. तिने बूट काढले, बॅगा तिथेच टाकल्या आणि अनवाणी पळून गेली. बॅगेत तीस किलोहून जास्त कोकेन निघालं! ती अचानक होणारी तपासणी नियमात नसती तर? आपल्याकडेही मे 2024 मध्ये कन्नूर विमानतळावर मस्कतहून आलेल्या क्रूमधल्या एकीकडे 960 ग्रॅम सोनं सापडलं.

आणि तिसरी गोष्ट, जी मला धंद्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची वाटते. 2024 मध्ये दोन संशोधकांनी दाखवलं की छोट्या एअरलाइन्स क्रूची यादी सांभाळायला जी एक वेबसाइट वापरत होत्या, तिच्या लॉगिनमध्ये अगदी प्राथमिक दर्जाची भगदाडं होती. आत शिरून यादीत कुणाचंही नाव पायलट म्हणून घालता येत होतं. फक्त या यादीवर आम्ही विसंबून नसतो, असं सरकारी यंत्रणेचं म्हणणं होतं. पण मुद्दा कळला ना? दरवाजावर कितीही कडक माणूस ठेवा, तो बघतो यादी. ती यादी कोण लिहितं, कोण खोडतं?

आता तुमच्या युनिटमध्ये या. मागच्या वर्षी सोडून गेलेला सुपरवायझर अजून तुमच्या डिस्पॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहे का? टॅलीचा पासवर्ड तोच आहे का, जो जुन्या अकाउंटंटने ठेवला होता? गोडाऊनची दुसरी किल्ली कुणाकडे आहे? बँकेत मेसेज जाणारा मोबाइल नंबर कुणाचा आहे? मी बॅचमध्ये हे विचारतो तेव्हा निम्मे हात खाली जातात. माणूस भांडून गेला असेल तर आपण निदान आठवण ठेवतो. चांगला म्हणून गेलेल्या माणसाची किल्ली मात्र तशीच राहते.

माझं स्पष्ट मत सांगतो. दहा-वीस-पन्नास माणसांच्या युनिटने ओळखीच्यांसाठी वेगळा दरवाजा काढायच्या भानगडीत पडू नये. तो दरवाजा चालवायला ताजी यादी लागते, अचानक तपासणी करायची हिंमत लागते. आपल्याकडे यादी म्हणजे मालकाचं डोकं आणि हिंमत म्हणजे पॅकिंगमधली वीस वर्षांची मुलगी. त्यापेक्षा सगळ्यांना एकच चौकट, आणि ती चौकट लवकर ओलांडता येईल अशी. ते सोपं पडतं.

पण ती चौकट मान राखणारी हवी. आपल्या एमआयडीसीत काही गेटवर सुट्टीच्या वेळी बायकांचे डबे उघडायला लावतात तेव्हा जी भाषा कानावर येते ती ऐकून लाज वाटते. विमानतळावर बाईची तपासणी बाईच करते, पडद्याआड करते. तुमच्या गेटवर पडदा आहे का? आणि कामगारांचे डबे उघडले जात असताना मालकाची गाडी हॉर्न वाजवत सुसाट बाहेर जात असेल, तर त्या डब्यातून तुम्हाला काय सापडणार आहे मला माहीत नाही, पण त्या बाईला काय वाटतं ते मला पक्कं माहीत आहे. मालकाने आठवड्यातून दोनदा तरी डिकी उघडून दाखवावी. सिक्युरिटीवाल्याने "राहू द्या साहेब" म्हटलं तर त्यालाच विचारावं, "का बरं राहू द्यायचं?"

अजून एक उपयोगी गोष्ट विमानतळाकडून उचलण्यासारखी आहे. एक्स-रेच्या पडद्यावर बॅगा बघणाऱ्याचं डोकं थकतं. युरोपच्या नियमात साधारणपणे सलग वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ त्याने पडदा बघायचा नाही, मग किमान दहा मिनिटं दुसरं काम. शिवाय मशीन अधूनमधून त्याच्या पडद्यावर खोट्या पिस्तुलाचं, खोट्या बॉम्बचं चित्र टाकतं. त्याने पकडलं की शाबास, सुटलं की नोंद. म्हणजे बघणारा खरंच बघतोय का, हे सुद्धा बघितलं जातं. तुमच्या चेकिंग टेबलवर बाई सकाळी नऊपासून टॉवेल उलटेपालटे करते. चार वाजता तिला डाग दिसत असेल का? मुद्दाम एक खराब नग गठ्ठ्यात घाला. सुटला तर तिला बोलू नका. किती वाजता सुटला ते लिहून ठेवा आणि टेबल बदलायची वेळ त्यावरून ठरवा.

त्या टॉवेलवाल्या भावांकडे परत गेलो होतो. पॅकिंगच्या तोंडाशी जमिनीवर लाल पट्टा मारलाय. पट्ट्याच्या अलीकडे गेलेला कुठलाही नग, कुणीही नेलेला असो, परत येताना मशीनमधूनच येणार. पार्टीला दाखवायचे नमुने वेगळ्या कपाटात ठेवलेत, ते पॅकिंगमध्ये कधीच परत जात नाहीत. खरं तर हा कपाटाचा उपाय लाल पट्ट्यापेक्षा भारी आहे, कारण त्यात कुणालाच कुणाला अडवावं लागत नाही. रजिस्टर चाळलं. "परत आलेला नग" या रकान्यात थोरल्या मालकांचं नाव दोनदा होतं, त्याच मुलीच्या अक्षरात. मी तिच्याकडे बघितलं तर ती हसली. थोरले मालक म्हणाले, "पहिल्यांदा राग आला सर, खरं सांगतो."

जाता जाता. 9 जून 2025 पासून होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं आणि मग मुंबईचंही, त्यामुळे आपल्यातले बरेच जण आता सॅम्पलची बॅग घेऊन विमानाने निघतात. जीएसएम कटर केबिन बॅगेत ठेवू नका, त्याला ब्लेड असतं, ते चेक-इनमध्ये टाका. कात्री, सुया, कटर सगळं तिकडेच. पॉवर बँक मात्र उलट, ती हातातल्या बॅगेतच ठेवायची. पार्टीला द्यायला शेंगा चटणी नेत असाल तर तीही चेक-इनमध्येच बरी. सुकं खोबरं मात्र चेक-इनमध्ये चालत नाही, त्यात तेल असतं आणि ते पेट घेऊ शकतं. आणि रांगेत पुढे कॅप्टन हात पसरून उभा दिसला तर त्याच्याकडे जरा बघून घ्या.

पुढच्या व्हिडिओत नमुन्याचं कपाट आणि त्याचं रजिस्टर कसं ठेवायचं ते त्याच युनिटमध्ये जाऊन दाखवणार आहे. थोरल्या मालकांनी परवानगी दिली आहे, पण कॅमेरावाल्याची बॅग गेटवर तपासणार म्हणालेत.